सर्वसाधारण विमानवाहतुकीचे विमानतळ, अमेरिकेतील

सर्वसाधारण विमानवाहतुकीचे विमानतळ, अमेरिकेतील : वेळापत्रकानुसार चालणारी प्रवासी व मालवाहतूक आणि लष्करी उड्डाणे वगळता उरणाऱ्या विमानोड्डाणांसाठी वापरण्यात येणारे लहान विमानतळ. वैमानिकांचे शिक्षण, खाजगी व व्यावसायिक प्रवास, पिकांवरील औषधफवारणी, रुग्णांची ने-आण, हवाई छायाचित्रण, वणवे विझविणे इ. कामे त्यांवरून चालतात. असे विमानतळ जगात सर्वत्र असले, तरी त्यांचा सर्वांत मोठा विस्तार अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत झाला आणि ते राखावेत की बंद करावेत, हा वादही तेथेच अधिक तीव्र झाला. विमानांचा आवाज, धूर व अपघाताची भीती ही या वादाची दिसणारी कारणे होत. त्याचे मूळ मात्र जमीन स्थानिक संस्थेची आणि पैसा संघशासनाचा, या जुन्या व्यवस्थेत आहे.

या व्यवस्थेची सुरुवात १९२६ च्या एअर कॉमर्स ॲक्टपासून झाली. सागरी वाहतुकीत दीपगृहे व जलमार्ग शासनाने सांभाळावयाचे आणि धक्के बंदराच्या शहराने बांधावयाचे, हाच न्याय या अधिनियमाने हवाई वाहतुकीस लावला. हवाई मार्गांवरील दिवे व नियमन शासनाकडे आले आणि विमानतळ शहरांवर सोपविण्यात आले. मंदीच्या काळात रोजगार योजनांतून अनेक धावपट्ट्या तयार झाल्या, तेव्हा हा दंडक पहिल्यांदा सैल झाला. दुसऱ्या महायुद्धाने तो जवळजवळ मोडून टाकला. युद्धासाठी बांधलेले किंवा वाढविलेले शेकडो तळ युद्धानंतर निरुपयोगी ठरले. १९४४ च्या सरप्लस प्रॉपर्टी ॲक्टनुसार व त्यातील १९४७ च्या दुरुस्तीनुसार ते शहरांना व काउंट्यांना विनामूल्य देण्यात आले. मात्र ती जमीन विमानतळ म्हणूनच वापरली जावी, अशी अट हस्तांतरणपत्रांत होती. आयत्या मिळालेल्या धावपट्टीच्या आनंदात त्या अटीकडे त्यावेळी फारसे कोणी लक्ष दिले नाही.

१९४६ च्या फेडरल एअरपोर्ट ॲक्टने सात वर्षांसाठी ५० कोटी डॉलरचे साहाय्य मंजूर केले. १९७० मध्ये तिकिटे, इंधन इत्यादींवरील करांतून विश्वस्त निधी उभारण्यात आला आणि १९८२ पासून ‘एअरपोर्ट इंप्रूव्हमेंट प्रोग्रॅम’ ही अनुदान योजना चालू झाली. या निधीत प्रवासी कंपन्यांच्या तिकिटांवरील कराचा वाटा मोठा असल्याने आपल्या प्रवाशांच्या पैशावर लहान विमानतळ पोसले जातात, अशी त्या कंपन्यांची तक्रार राहिली आहे. अनुदान स्वीकारणाऱ्या संस्थेला लेखी हमी द्यावी लागते. बांधकामासाठी घेतलेल्या अनुदानाचे बंधन सामान्यतः वीस वर्षे टिकते. अनुदानातून जमीन घेतली असल्यास त्याला मुदत नसते. सर्व प्रकारच्या विमानांना वाजवी अटींवर व भेदभाव न करता प्रवेश द्यावा लागतो आणि विमानतळाचे उत्पन्न विमानतळावरच खर्चावे लागते. १९९० च्या एअरपोर्ट नॉइज अँड कपॅसिटी ॲक्टने आवाजावरून नवे निर्बंध घालण्याचा स्थानिक संस्थांचा अधिकारही बराच आवळला. अशा रीतीने एकेका अनुदानाबरोबर निर्णयाचा अधिकार शहराकडून फेडरल एव्हिएशन ॲडमिनिस्ट्रेशनकडे (एफएए) सरकत गेला. [⟶ विमानतळ].

बंधन उरले नसेल, तर काय घडते याचे उदाहरण शिकागोच्या मीग्ज फील्डने घालून दिले. मिशिगन सरोवरातील नॉर्दर्ली आयलंड या कृत्रिम भूमीवर १९३३-३४ चे जागतिक प्रदर्शन भरले होते. त्याच जागी १९४८ मध्ये हा विमानतळ सुरू झाला. शहराच्या व्यापारी भागापासून तो अगदी जवळ होता. जागा उद्यान खात्याची असल्याने १९९६ मध्ये भाडेपट्टा संपताच तो बंद करण्यात आला. पण राज्य विधिमंडळाच्या हस्तक्षेपामुळे १९९७ मध्ये पुन्हा उघडावा लागला. ३० मार्च २००३ च्या रात्री महापौर रिचर्ड एम. डेली यांच्या आदेशावरून बुलडोझर आणून धावपट्टीवर फुलीच्या आकाराचे मोठे चर खणण्यात आले. सोळा विमाने तळावर अडकली. त्यांना पुढे धावपट्टीशेजारच्या मार्गावरून उडवून नेण्यात आले. दहशतवादी हल्ल्याचा धोका, असे कारण डेली यांनी दिले. तळ पुन्हा सुरू करण्यास शहराला भाग पाडण्याचा अधिकार एफएएपाशी नव्हता. तीस दिवसांची पूर्वसूचना न दिल्याबद्दल दररोज १,१०० डॉलरप्रमाणे ३३,००० डॉलर दंड तेवढा करता आला. एवढ्या मोठ्या शहराला ही रक्कम जाणवण्यासारखीही नव्हती. त्याच वर्षी काँग्रेसने दंडाची मर्यादा दररोज १०,००० डॉलरपर्यंत वाढविली. २००६ मधील तडजोडीनुसार शहराने दंड भरला आणि पाडकामासाठी वापरलेला विमानतळ निधीतील दहा लक्ष डॉलरचा भाग परत केला. तेथे आता उद्यान आहे.

याउलट कॅलिफोर्नियातील सँता मॉनिका शहराला आपला विमानतळ बंद करण्यासाठी अनेक दशके झगडावे लागले. पूर्वी क्लोव्हर फील्ड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या तळालगत डग्लस कंपनीचा कारखाना होता. १९२४ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करणारी डग्लस विमाने येथून निघून सिॲटलला गेली आणि १७ डिसेंबर १९३५ रोजी डीसी-३ या प्रसिद्ध विमानाचे पहिले उड्डाण येथेच झाले. युद्धकाळात तारेच्या जाळ्या व कापड यांची खोटी वस्ती उभारून सर्व कारखाना वरून दिसेनासा करण्यात आला होता. कामगारांसाठी वसलेली घरे धावपट्टीला येऊन भिडली. पुढे जेट विमानांसाठी धावपट्टी वाढविण्यास शहराने नकार दिला, तेव्हा कंपनीने आपले काम लाँग बीच येथे हलविले आणि १९७५ मध्ये येथील कारखाना बंद झाला. कारखाना गेला, विमाने राहिली. शहराने जेट विमानांवर घातलेली बंदी १९७९ मध्ये न्यायालयाने रद्द केली. १९८४ मध्ये शहर व एफएए यांच्यात २०१५ पर्यंतचा करार झाला. वेगवान जेट विमानांना २००८ मध्ये केलेली मनाई २०११ मध्ये न्यायालयात टिकली नाही. १९४८ च्या हस्तांतरणपत्रानुसार विमानतळ कायम चालविलाच पाहिजे, अशी एफएएची भूमिका होती, तर भूमी मुळात आपणच १९२६ मध्ये विकत घेतली होती, असे शहराचे म्हणणे. या वादात शहराने २०१३ मध्ये दावा लावला आणि २०१४ च्या मतदानात नागरिकांनी शहराच्या बाजूने कौल दिला. अखेर जानेवारी २०१७ मध्ये समझोता होऊन ३१ डिसेंबर २०२८ नंतर विमानतळ बंद करण्याची मुभा शहराला मिळाली. त्याच वर्षी सु. १,५१६ मी. लांबीची धावपट्टी कमी करून सु. १,०६७ मी. करण्यात आली. त्यामुळे मोठ्या जेट विमानांचा प्रश्न मुदतीपूर्वीच पुष्कळसा मिटला.

या झगड्यांच्या पार्श्वभूमीवर खुद्द या प्रकारच्या विमानवाहतुकीलाही उतरती कळा लागली होती. अमेरिकेत १९७८ मध्ये १७,८११ लहान विमाने तयार झाली. १९९४ मध्ये हा आकडा ९२८ वर आला. अपघातांवरून होणारे नुकसानभरपाईचे दावे हे त्याचे एक प्रमुख कारण मानले गेले. त्यावर उपाय म्हणून त्याच वर्षी अधिनियम करून उत्पादकांची जबाबदारी अठरा वर्षांपुरती मर्यादित करण्यात आली. उत्पादन काही अंशी सावरले, तथापि जुना बहर परतला नाही. लहान विमानतळ नेमके कशासाठी राखावयाचे, याचे उत्तर देण्याच्या हेतूने एफएएने २०१२ मध्ये अशा २,९५२ तळांची पाहणी प्रसिद्ध केली. तीत ८४ तळ राष्ट्रीय, ४६७ प्रादेशिक, १,२३६ स्थानिक व ६६८ मूलभूत महत्त्वाचे ठरविण्यात आले. उरलेले ४९७ तळ कोणत्याच वर्गात बसले नाहीत. मात्र एखाद्या डोंगराळ भागात रुग्ण हलविण्यास किंवा वणव्याच्या वेळी उपयोगी पडणाऱ्या धावपट्टीचे मोल एरवीच्या तुरळक उड्डाणांवरून ठरविता येत नाही, ही अशा वर्गीकरणाची उणीव होय.

अलीकडे वादाला इंधनातील शिशाचे नवे कारण मिळाले आहे. पिस्टन एंजिनाची बहुतेक विमाने शिसेमिश्रित पेट्रोलवर चालत आली आहेत. सॅन होसे येथील रीड-हिलव्ह्यू विमानतळाजवळ राहणाऱ्या मुलांच्या रक्तात शिशाचे प्रमाण अधिक असल्याचे २०२१ च्या अभ्यासात आढळल्यावर सँता क्लॅरा काउंटीने १ जानेवारी २०२२ पासून तेथे अशा इंधनाची विक्री थांबविली. ऑक्टोबर २०२३ मध्ये संघशासनाच्या पर्यावरण संस्थेने या इंधनातील शिसे आरोग्यास घातक असल्याचा निष्कर्ष जाहीर केला. तरी २०२४ च्या अधिनियमाने, जेथे २०२२ मध्ये हे इंधन मिळत होते तेथे योग्य पर्यायी इंधन येईपर्यंत किंवा २०३० अखेरपर्यंत ते मिळत राहिले पाहिजे, असे बंधन घातले. अलास्कासाठी ही मुदत २०३२ अखेरची आहे. सँता क्लॅरा काउंटीने निराळा मार्गही धरला आहे. २०११ नंतर तिने या विमानतळासाठी संघशासनाचे नवे अनुदान घेतलेले नाही. जुन्या अनुदानाची वीस वर्षे २०३१ मध्ये पुरी होतात.