गोव्याची पूड, बाहियाचं झाड

मुंबईच्या औषधबाजारात १८६० च्या दशकात एक पिवळट-तपकिरी पूड मिळायची. भाव चढा, पण गजकर्ण आणि नायट्याने हैराण झालेलं गिऱ्हाईक तो मोजायचं. लिंबाच्या रसात किंवा शिरक्यात पूड कालवायची आणि चट्ट्यावर चोळायची, एवढाच विधी. ती पोर्तुगीजांच्या मुलखातून येई, म्हणून तिचं नाव 'गोवा पावडर'. ती कशापासून होते, हे मात्र गुलदस्त्यात होतं. मुंबईतले औषधविक्रेते केंप यांनी तिच्याविषयी लंडनच्या औषधशास्त्राच्या नियतकालिकात लिहिलं, तरी मूळ काही सापडलं नाही.

ते सापडलं भलत्याच खंडात. कोलकात्यात बरीच वर्षं काढलेले शल्यचिकित्सक जोसेफ फेरर यांनी १८७४ मध्ये इंग्लंडच्या एका वैद्यकीय पत्रात गोवा पावडरची तारीफ केली. तो लेख ब्राझीलमधल्या बाहियात डॉ. दा सिल्व्हा लिमा यांच्या वाचनात आला. वर्णन ओळखीचं वाटलं, कारण अशीच पूड त्यांच्याकडे त्वचारोगांवर वापरात होती. लोक तिला 'बाहियाची पूड' किंवा 'अरारोबा' म्हणत. बाहियाच्या दमट जंगलातलं एक उंच झाड तोडायचं, ओंडके चिरायचे आणि खोडातल्या भेगा-पोकळ्यांत साठलेला पिवळा भुगा खरवडून काढायचा. हवा लागली की तो काळपट पडतो. डोळ्यांत गेला तर जबर आग होते.

म्हणजे गोव्याच्या नावाने खपणारा माल गोव्याचा नव्हताच. पोर्तुगीजांनी काजू ब्राझीलहून आणला तो इथल्या मातीत रुजला; अरारोबाचं झाड तिकडेच राहिलं, आली ती फक्त पूड. गोव्याच्या वाट्याला आलं ते नाव.

मूळ कळल्यावर युरोपातल्या डॉक्टरांनी ती निरनिराळ्या दुखण्यांवर लावून पाहिली. लंडनचे त्वचारोगतज्ज्ञ बालमॅनो स्क्वायर यांनी १८७६ च्या सुमारास तिच्यातलं सत्त्व मलमात घालून सोरायसिसच्या चट्ट्यांवर वापरलं. या आजारात त्वचेच्या पेशी महिन्याभराचं काम काही दिवसांत उरकतात आणि लाल, जाड थरावर चंदेरी पापुद्रे साचतात. तोवर यावर डांबर आणि पाऱ्याची मलमं चालत. नव्या मलमाने चट्टे सपाट होऊ लागले. स्क्वायर या सत्त्वाला क्रायसोफॅनिक आम्ल समजत होते. १८७८ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबरमान आणि झाइडलर यांनी ते वेगळंच द्रव्य असल्याचं दाखवलं. त्याला क्रायसारोबिन म्हणू लागले.

गुण होता, पण त्रासही तेवढाच. भोवतालची चांगली कातडी भाजून निघे आणि चादर, सदरा, नखं यांवर जांभळट-तपकिरी डाग पडत. सोरायसिसच्या मलमांचा इतिहास लिहिताना गुणाचीच गोष्ट सांगितली जाते. रोग्याच्या घरच्या धुण्याकडे कोणी पाहत नाही. खरं तर कुठलं मलम टिकलं आणि कुठलं मागे पडलं, याचा बराचसा निकाल त्या धुण्यानेच लावला.

पहिल्या महायुद्धात ब्राझीलचा माल जर्मनीत पोहोचेना. तेव्हा बायर कंपनीने क्रायसारोबिनसारखंच, फक्त एक मिथाइल गट कमी असलेलं द्रव्य प्रयोगशाळेत बनवलं. गालेव्स्की आणि उन्ना या त्वचारोगतज्ज्ञांनी १९१६ मध्ये त्याचे अनुभव मांडले. हेच डिथ्रानॉल. लीड्सच्या जॉन इन्ग्रॅम यांनी १९५३ मध्ये त्याची पद्धतच बसवली: आधी डांबर घातलेल्या पाण्यात आंघोळ, मग अतिनील किरण, मग चट्ट्यांवर डिथ्रानॉलची घट्ट पेस्ट. चट्टे जात, पण त्यासाठी रुग्णालयात खाट अडवून बसावं लागे. १९८० च्या सुमारास मलम थोडा वेळच ठेवून धुऊन टाकायची रीत आली, तेव्हा कुठे घरच्या घरी उपचार जमू लागले.

पण दरम्यान स्टेरॉइडची मलमं आली होती. १९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या सल्झबर्गर आणि विटन यांनी हायड्रोकॉर्टिझोन त्वचेवर उपयोगी पडतं असं दाखवलं. त्याहून कितीतरी जोरकस मलमं मागोमाग निघाली. पांढरं, बिनवासाचं आणि बिनडागाचं मलम मिळाल्यावर डिथ्रानॉलकडे कोण वळणार? जोरकस स्टेरॉइड बराच काळ चोपडलं तर कातडी पातळ होते आणि एकदम सोडलं तर आजार उसळू शकतो, पण हे दिसायला वेळ लागतो. चादरीवरचा डाग दुसऱ्याच सकाळी दिसतो.

पुढची वाट जपानमधून निघाली. ओसाकात १९८५ मध्ये हाडं ठिसूळ झालेल्या एका रुग्णाला ड जीवनसत्त्वाच्या जातीचं औषध दिलं होतं. त्याचा सोरायसिसही बराच ओसरला. त्या धाग्यावरून डॅनिश कंपनी लिओने कॅल्सिपोट्रिऑलचं मलम बाजारात आणलं. मे २०२२ मध्ये अमेरिकेने मोठ्यांच्या प्लाक सोरायसिससाठी टॅपिनारॉफच्या क्रीमला परवानगी दिली. ते दिवसातून एकदा लावायचं आणि त्यात स्टेरॉइड नाही. त्याचा रेणू मुळात सापडला तो मातीतल्या सूत्रकृमींच्या पोटात राहणाऱ्या जिवाणूंमध्ये.