वीस ब्राउनिंग पिस्तुलं आणि एक चोरतळाची पेटी

स्वस्त, खिशात मावणारं आणि ऐन वेळी दगा न देणारं पिस्तूल कोणतं, हा प्रश्न आज कुणी विचारला तर आपण त्याला परवान्याच्या कचेरीचा रस्ता दाखवू. पण 1908-09 साली लंडनमधल्या काही हिंदी विद्यार्थ्यांपुढे हाच प्रश्न होता आणि त्याचं उत्तर त्यांनी अगदी हिशेबानं शोधलं होतं. त्या उत्तरानं नाशकात एका कलेक्टरचा जीव घेतला, तीन तरुण फासावर गेले आणि काहींच्या नशिबी अंदमान आलं. ही गोष्ट आपण बहुधा माणसांच्या बाजूनं ऐकतो. या टिपणात ती हत्याराच्या बाजूनं पाहायची आहे.

पलसाण्यात बसून नाशिकची गोष्ट कशाला, असं कुणी म्हणेल. एक तर आपल्याकडे मराठी बोलणारी बरीच घरं खानदेश-नाशिक बाजूनं कामधंद्याला आलेली. दुसरं म्हणजे या गोष्टीचे दोन-तीन धागे थेट गुजरातेत येतात. त्या काळी पलसाणा बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या राज्यात, नवसारी प्रांतात होतं. शेजारचे बारडोली आणि चोऱ्यासी तालुके मात्र इंग्रजी अमलाखाली. आणि काँग्रेस फुटली ती आपल्या सुरतेतच, डिसेंबर 1907 मध्ये. त्या मांडवात जोडा उडाला, खुर्च्या उडाल्या. पुढच्या वर्षी जुलैत टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेला नेलं. सभा, अर्ज, ठराव यांवरचा विश्वास उडालेली जी तरुण मंडळी होती, त्यांच्या मनात यानंतर दुसराच विचार बळावला.

आता हत्याराकडे येऊ. हिंदुस्थानात 1878 पासून लिटनचा हत्यारांचा कायदा लागू होता. हिंदी माणसाला परवान्याशिवाय बंदूक-पिस्तूल बाळगता येत नसे. युरोपियनांना मात्र त्यातून सूट होती. काँग्रेसनं या भेदाविरुद्ध वर्षानुवर्षं ठराव केले. याच्या उलट खुद्द इंग्लंडात काय होतं? तिथं 1903 चा पिस्तूल कायदा होता. पण पोस्टात दहा शिलिंग भरले की बंदुकीचा परवाना मिळे आणि तो दाखवला की दुकानदार पिस्तूल विकू शके. म्हणजे राज्य तेच, राजा तोच. नाशकात जे हत्यार नजरेलाही पडत नव्हतं, ते लंडनच्या मोठ्या दुकानात काउंटरवर मिळत होतं.

किंमत किती? मदनलाल धिंग्रा यांच्या खटल्यात ती नोंदली गेली आहे. 1 जुलै 1909 रोजी त्यांनी लंडनमध्ये कर्झन वायलीवर गोळ्या झाडल्या. त्यांचं कोल्ट ऑटोमॅटिक पिस्तूल होबर्नच्या गॅमेज या दुकानातून त्याच वर्षीच्या जानेवारीत घेतलेलं होतं, 3 पौंड 5 शिलिंगांना. तेव्हा एका पौंडाचे 15 रुपये होत. म्हणजे झाले साधारण 49 रुपये. सोन्यात मोजलं तर दोन तोळ्यांच्या आसपास. गरिबाला न परवडणारी, पण शिकायला विलायतेत गेलेल्या पोराला जमवता येईल अशी ही रक्कम.

रिव्हॉल्व्हर सोडून ही मंडळी पिस्तुलाकडे का वळली, हेही समजून घ्यायला हवं. रिव्हॉल्व्हरला मधोमध फिरणारी चकरी असते. त्यामुळे ते जाड होतं आणि कोटाच्या खिशात फुगून दिसतं. नव्या पिस्तुलात काडतुसं मुठीतल्या पट्टीत एकावर एक बसतात. एक गोळी सुटली की तिच्याच धक्क्यानं रिकामं टरफल बाहेर फेकलं जातं आणि दुसरं काडतूस नळीत येतं. चाप मात्र दर वेळी ओढावा लागतो, म्हणून आज आपण त्याला सेमी-ऑटोमॅटिक म्हणतो. त्या काळी लोक सरळ ऑटोमॅटिक म्हणत.

यातलं सर्वांत नावाजलेलं होतं ब्राउनिंगचं पिस्तूल. रचना अमेरिकेच्या जॉन ब्राउनिंगची आणि कारखाना बेल्जियममधल्या एर्स्ताल गावचा. त्याचं 1900 सालचं मॉडेल पट्टीत सात काडतुसं घेई. गोळी 7.65 मिलिमीटरची, म्हणजे इंग्रजी मापात .32. वजन जेमतेम सव्वासहाशे ग्रॅम. रचना साधी, सुटे भाग थोडे, म्हणून बिघाड कमी. कारखान्यातून ती लाखांनी निघाली, म्हणून किंमतही आवाक्यात. जगभर तिचा कसा बोलबाला होता याचं एक उदाहरण पाहा. जॅक्सनच्या खुनाच्या दोनच महिने आधी, 26 ऑक्टोबर 1909 रोजी, मंचुरियातल्या हार्बिन स्टेशनवर कोरियाच्या आन जुंग-गन यांनी जपानच्या इतो हिरोबुमींना मारलं, ते याच मॉडेलच्या पिस्तुलानं. नाशिक आणि हार्बिन यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. पण राज्यकर्त्यापुढे उभ्या राहिलेल्या दुबळ्या माणसाच्या गरजा दोन्हीकडे सारख्याच होत्या आणि त्यामुळे निवडही एकाच कारखान्याची झाली.

विनायक दामोदर सावरकरांनी फेब्रुवारी 1909 मध्ये पॅरिसहून अशी वीस ब्राउनिंग पिस्तुलं आणि काडतुसं मिळवली, अशी नोंद 1918 च्या रौलट समितीच्या अहवालात आहे. ती मुंबईला न्यायची कुणी? लंडनच्या इंडिया हाउसमध्ये स्वयंपाकाचं काम करणारे चतुर्भुज अमीन नावाचे गुजराती गृहस्थ मायदेशी निघाले होते. त्यांच्या सामानातल्या एका पेटीला खोटा तळ बसवून पिस्तुलं त्यात ठेवली गेली. स्वयंपाक्याची पेटी कोण उकलून बघणार, हा होरा खरा ठरला. माल मुंबईत उतरला.

पण पेटी पोचण्याच्या सुमारासच, 2 मार्च रोजी, नाशकात थोरले बंधू गणेश सावरकर यांना अटक झाली. देशभक्तीपर कविता छापल्याबद्दल जूनमध्ये त्यांना जन्मठेप, काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्यांना खटल्यासाठी वरच्या कोर्टाकडे पाठवणारे अधिकारी होते नाशिकचे कलेक्टर आर्थर जॅक्सन.

हे जॅक्सन संस्कृत आणि मराठीचे जाणकार. लोक त्यांना ‘पंडित जॅक्सन’ म्हणत. इतिहासात रस असलेल्या आपल्यासारख्यांनी त्यांची आणखी एक ओळख लक्षात ठेवायला हवी. गावोगावच्या शाळामास्तरांकडून त्यांनी लोकसमजुती, व्रतं, भुताखेतांच्या गोष्टी, पावसासाठीचे विधी यांची माहिती जमवली होती. त्यांच्या मृत्यूनंतर एन्थोवेन यांनी ती दोन खंडांत छापली. पहिला खंड गुजरातचा, दुसरा कोकणचा. ज्याला गोळी लागली त्याच्या कागदांत आपल्या बाजूच्या आजी-आजोबांच्या समजुती होत्या, आणि ज्यानं एका कवितांच्या छापणाऱ्याला जन्मठेपेच्या वाटेवर लावलं तोही हाच माणूस. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एक सांगून दुसरी गाळणं बरोबर नाही.

21 डिसेंबर 1909. जॅक्सनची बदली झाली होती. निरोप म्हणून नाशिकच्या विजयानंद थिएटरात ‘शारदा’ नाटकाचा प्रयोग ठेवला होता. अनंत लक्ष्मण कान्हेरे, वय अठराच्या घरातलं, औरंगाबादेत शिकणारा मुलगा, थिएटरात आधीच येऊन बसला होता. जॅक्सन आत येताच त्यानं जवळून गोळ्या झाडल्या. पिस्तूल त्या विसातलंच एक. ते अडलं नाही. हत्यार निवडणाऱ्यांचा हिशेब शंभर टक्के बरोबर निघाला. कान्हेरे जागीच पकडला गेला.

आणि इथून पुढे तोच हिशेब उलटा फिरला. चोरून आणलेली एकाच मेकची वीस पिस्तुलं म्हणजे लपवायला सोपी, पण ओळखायलाही सोपी. इकडेतिकडे मिळालेलं जुनं हत्यार असतं तर माग नाशकातच संपला असता. ब्राउनिंगचा माग मुंबईच्या बंदरावरून लंडनपर्यंत गेला. चतुर्भुज अमीन सरकारच्या बाजूनं साक्षीला उभे राहिले. कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना 19 एप्रिल 1910 रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. नाशिक कटाच्या खटल्यात 38 जण उभे केले गेले, त्यांतल्या 27 जणांना शिक्षा झाली. विनायक सावरकरांना मार्च 1910 मध्ये लंडनला पकडलं. हत्यारं मिळवणं आणि पाठवणं हा त्यांच्यावरच्या आरोपांतला मुख्य भाग होता. डिसेंबर 1910 आणि जानेवारी 1911 अशा दोन खटल्यांत त्यांना दोन जन्मठेपी झाल्या. दुसरी होती जॅक्सनच्या खुनाला मदत केल्याची, म्हणजे त्या पेटीची.

सांगायचं ते एवढंच. या मंडळींनी यंत्राचा भरवसा नीट पारखला होता. वजन, किंमत, सात गोळ्या, न अडकणारी रचना, सगळं. पण गुप्त कामात हत्यार ही साखळीतली एकच कडी. ते ज्याच्या पेटीतून येतं, ज्याच्या माळ्यावर राहतं, ज्याच्या हातून पुढे जातं, त्या प्रत्येकाचा भरवसा धरावा लागतो. स्वयंपाकाला गेलेला माणूस पोलिसांच्या कोठडीपुढे उभा राहिला की तो काय करील, हे कुठल्याही दुकानात तपासून मिळत नव्हतं. अमीन यांना नावं ठेवणं सोपं आहे. पण फासाचा दोर समोर असताना टिकून राहण्याचं ओझं त्यांच्यावर टाकलं गेलं होतं, हेही ध्यानात घ्यावं.

या गोष्टीचं एक शेपूट आजपर्यंत आलं आहे. ती .32 ची गोळी पुढेही क्रांतिकारकांच्या हातात दिसते. भगतसिंगांचं कोल्ट .32 चंच, आणि चंद्रशेखर आझादांचं अलाहाबादच्या संग्रहालयात ठेवलेलं कोल्टही .32 चंच. इंग्रज सरकारनं लष्करी मापाची हत्यारं खासगी हातांत जाऊ दिली नाहीत, कारण सरकारी कोठारातली काडतुसं बाहेर फुटण्याची भीती. स्वतंत्र भारतात 1959 चा हत्यार कायदा आला तरी ही विभागणी राहिली. म्हणून आजही परवाना मिळालेल्या सामान्य नागरिकाला सरकारी कारखान्याचं जे पिस्तूल मिळतं ते बहुतकरून .32 चं असतं. एका परवानाधारकाला किती हत्यारं, ती मर्यादा 2019 च्या दुरुस्तीनं तीनवरून दोनवर आणली. आणि पलसाण्यातल्या माणसाला परवान्याचा अर्ज करायचा तो सुरतेच्या कलेक्टरांकडेच, जॅक्सन ज्या पदावर होते त्याच पदाकडे.

शेवटी वाचकांना एक विनंती. गायकवाडी अमलातले हत्यारांचे परवाने, पोलीस पाटलाच्या बंदुकीच्या नोंदी किंवा नाशिक-खानदेशातून आलेल्या घरांत 1909-10 च्या धरपकडीच्या आठवणी कुणाकडे असतील, तर त्यांची नक्कल मंडळाकडे जरूर द्यावी. मोठ्या खटल्यांचे कागद सरकारनं जपले. आपल्या बाजूचे कागद आपल्यालाच जपायचे आहेत.