काका, उभी तिसरी!

मोडी कागद वाचण्यात माझी तीस वर्षं गेली. लिहिणाऱ्याचा हात कुठून कुठे गेला हे मला शाईवरून ओळखता येतं, असा थोडा तोराही होता. एकसष्टीनंतर चिनी शिकायला बसलो आणि दुसऱ्याच दिवशी तो उतरला. अक्षर होतं 'राजा', उच्चार वांग. तीन आडव्या रेघा, मधून एक उभी. शेंबडं पोरही काढील. पहिली आडवी काढली, उभी ओढली, तोच मागून बाई म्हणाल्या, "काका, उभी तिसरी!"

माझ्या घरचं पुस्तक जपानी. त्यात ती दुसरी होती.

खरं कोण, हे शोधायला गेलो तर सरकारी नियम अगदी कालपरवाचे निघाले. जपानच्या शिक्षण मंत्रालयाची पुस्तिका १९५८ची, ८८१ अक्षरांची. आणि इथे न दिलेला क्रम चुकीचा समजू नये, असं ती स्वतःच सांगते. तैवानची पुस्तिका १९९६ची. चीनने १९९७मध्ये ७००० अक्षरांचा क्रम रेघेगणिक छापून वाद मिटवला.

त्याआधी शेकडो वर्षं क्रम पोचला तो कित्त्यातून. लाल अक्षरांवरून काळ्या शाईचा कुंचला फिरवायचा. नाव म्याओहोंग, पण हे आपलं गिरवणंच. जुना कित्ता 'शांग ता रन' या तीन अक्षरांनी सुरू होई. एकूण पंचवीसेक अक्षरं, बहुतेक मोजक्या रेघांची. दुनह्वांगच्या गुहांत सापडलेल्या हजारएक वर्षांच्या कागदांवरही पोरांनी तीच गिरवलेली आहेत. लू शुनच्या १९१९च्या कथेतल्या खोंग यीचीला लोकांनी नाव ठेवलं, तेही याच कित्त्यातून उचलून. नियम तोंडी असत: आडवी आधी, उभी मग, डावी आधी, उजवी मग, चौकोनी घर असेल तर आधी माणसं आत घ्यायची, मग दार लावायचं. दार म्हणजे तळाची रेघ.

मोठ्यांचा कित्ता एकाच अक्षराचा: योंग, म्हणजे चिरकाल. इ.स. ३५३मध्ये शाओशिंगजवळ लानथिंग इथे वांग शीचीने ओढ्याकाठी मित्र जमवले आणि तिथे झालेल्या कवितांना ३२४ अक्षरांची प्रस्तावना लिहिली. तिचं पहिलं अक्षर हेच. मूळ कागद गेला. तांग सम्राट थायत्सुंगबरोबर पुरला म्हणतात. उरल्या त्या नकला. या एका अक्षरात कुंचल्याच्या आठ चाली असतात, असं पुढच्या उस्तादांनी ठरवलं आणि त्यांना नावं दिली. एक लगाम खेचल्यासारखी, एक चाबकाची, एक पाखराने चोच मारावी तशी. मी आठ रेघा मोजून दाखवल्या. बाई म्हणाल्या, पाचच. कुंचला न उचलता वळला तर ती एकच रेघ.

इथे मला मोडी आठवली. बाळबोधात आपण शिरोरेघ मागाहून देतो. मोडीत आधी ओळभर रेघ ओढायची आणि अक्षरं तिला टांगत सुटायचं. कारकुनाला बोरू उचलायला वेळ कुठे? चिनी धावत्या लिपीचंही तेच. रेघा एकमेकींत मिसळतात, निम्म्या गळतात. उरतो तो हाताचा माग, आणि क्रम ठाऊक नसेल तर तो माग म्हणजे नुसती गिचमीड. लिहिणारा नि वाचणारा एकाच कित्त्यावर वाढलेले असले, तरच कागद बोलतो. माझी तीस वर्षं याच भरवशावर गेली.

परवा बाईंना म्हटलं, त्या वांग शीचीचं आडनाव जरा झरझर लिहा. त्याचं आडनाव म्हणजे तोच 'राजा'. त्यांनी कुंचला टेकवला: आडवी, लगेच उभी, मग एका वळणात खालच्या दोन्ही. धावत्या लिपीत ते असंच लिहितात.

मी काही बोललो नाही. कागदाकडे बघून त्याच हसल्या. "परीक्षेत मात्र तिसरी," म्हणाल्या.