सेवाशिबिरांचा इतिहास आणि गावकुसाबाहेरची वस्ती

दोन वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयातील राष्ट्रीय सेवा योजनेचे काम माझ्याकडे आले. त्याबरोबर एक लोखंडी कपाट आले आणि कपाटात सुतळीने बांधलेले जुन्या शिबिरांच्या अहवालांचे गठ्ठे. नवा अहवाल कसा लिहायचा याचा नमुना हवा होता म्हणून मी गठ्ठे सोडले. त्यात १९९७ च्या हिवाळी शिबिराचा अहवाल निघाला. गावाचे नाव वाचले आणि हात थांबला. ते माझेच गाव होते, मंगळवेढ्याच्या दक्षिणेकडच्या दुष्काळी पट्ट्यातले. एका ओळीत नोंद होती की स्वयंसेवकांनी दलित वस्तीची साफसफाई केली आणि तेथील बांधवांना स्वच्छतेचे महत्त्व पटवून दिले.

त्या बांधवांपैकी एक मी. तेव्हा तिसरीत होतो.

मला तो दिवस आठवतो, पण अहवालात आहे तसा नाही. आदल्या दिवशी तिन्हीसांजेला सरपंचाचा माणूस आला आणि वस्तीच्या तोंडाशीच उभा राहून ओरडून गेला, "उद्या कालेजची पोरं येणार हायती, झाडून-बिडून घ्या." आई, चुलती आणि शेजारच्या बायांनी रात्री दिव्याच्या उजेडात सगळी वस्ती झाडली. सडा टाकला. गावातल्या हापशावर आमच्या घागरींचा नंबर सगळ्यांच्या शेवटी लागायचा, म्हणजे सड्याचे ते पाणी बायांनी तासन्‌तास ताटकळून मिळवलेले. सकाळी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून विद्यार्थी आले. नवे कोरे खराटे हातात घेऊन त्यांनी झाडलेली जमीन पुन्हा झाडली, घोषणा दिल्या, फोटो काढले. एका मुलीने मला बिस्किटाचा पुडा दिला आणि शाळेत जातोस का म्हणून मायेने विचारले. त्यांच्यात वाईट कोणी नव्हते, हे मी मुद्दाम सांगतो. दुपारी देवळापुढे त्यांची पंगत बसली आणि पंगत उठल्यावर उष्ट्या पत्रावळी उचलायला आई-चुलतीला बोलावणे आले.

त्या दिवशी गावात सेवा दोघांनी केली. अहवालात एकाचीच आली.

हा सल मनात ठेवून मी सेवाशिबिरांचा इतिहास वाचू लागलो. आपल्या समाजाचा विचार केला तर 'सेवा' या शब्दाचे दोन इतिहास आहेत, आणि ते एकमेकांना कधी भेटत नाहीत. पहिला इतिहास सक्तीचा आहे. वर्णव्यवस्थेने सेवा हा शूद्राचा धर्म ठरवला. त्याच्याही खाली, गावकुसाबाहेर ज्यांना ठेवले त्यांना सेवा हा शब्दही मिळाला नाही. त्यांच्या वाट्याला वेठ आली. गावची सीमा राखणे, सरकारी टपाल पोचवणे, मेलेली गुरे ओढणे, अधिकाऱ्याच्या घोड्यापुढे धावणे, गावाची घाण काढणे, आणि बदल्यात बलुते म्हणून तुकडाभर वतन व मागून आणलेली भाकरी. माझ्या तालुक्याला याची सर्वात जुनी साक्ष आहे. चोखोबा मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून गेले, असे परंपरा सांगते. ज्या गावकुसाच्या आत राहण्याचा हक्क नव्हता, ते बांधताना हा संत मेला. त्याच्या अभंगांवर प्रवचने पुष्कळ होतात. त्याला त्या कामावर कोणी लावले, हा प्रश्न प्रवचनात येत नाही.

या वेठीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात १८७४ च्या वतन कायद्याला दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले. ते त्या वेळी तडीला गेले नाही. महार वतने कायद्याने गेली ती १९५८ च्या कायद्याने. म्हणजे शतकानुशतके गावाची सेवा केलेल्या माणसाची त्या सेवेतून कागदोपत्री सुटका व्हायला स्वातंत्र्यानंतरही दहा-अकरा वर्षे लागली. आता तारखा जरा शेजारी ठेवून पाहाव्यात.

त्याच दशकात दिल्लीत सेवेचा दुसरा इतिहास लिहिला जात होता. डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने विद्यार्थ्यांनी स्वेच्छेने राष्ट्रसेवा करावी अशी कल्पना मांडली होती. पहिल्या पंचवार्षिक योजनेच्या काळात विद्यार्थ्यांच्या श्रमशिबिरांना चालना मिळाली. १९५९ मध्ये चिंतामणराव देशमुखांच्या समितीने महाविद्यालयात प्रवेश घेऊ पाहणाऱ्या मुलांना नऊ महिने ते एक वर्ष सेवा सक्तीची करावी असे सुचवले. खर्चाच्या डोंगराकडे पाहून ते मागे पडले. पुढे के. जी. सय्यदैन यांनी इतर देशांतल्या योजनांचा अभ्यास करून सेवा ऐच्छिक असावी असे मत दिले, कोठारी आयोगाने सेवेला शिक्षणाशी जोडा असे म्हटले, आणि अखेर २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, केंद्रीय शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू केली. सुरुवातीला ४०,००० विद्यार्थी होते. आज ती संख्या लाखांच्या घरात आहे.

देशमुख समितीचा उल्लेख करताना एक गोष्ट मनात येते. चिंतामणराव जन्माने महाड तालुक्यातल्या नाते गावचे. ज्या महाडात १९२७ साली आमच्या माणसांनी ओंजळभर पाण्यासाठी डोकी फोडून घेतली, त्याच तालुक्यात जन्मलेल्या विद्वानाने तीस-बत्तीस वर्षांनी देशातल्या मुलांच्या सेवेचा आराखडा केला. हा योगायोग आहे, त्यातून मी काही सिद्ध करू इच्छीत नाही. पण त्या दशकांतला सगळा विचार पाहिला की जाणवते, चर्चा होती ती सेवा करणाऱ्याच्या चारित्र्याची. विद्यार्थ्याला श्रमाची गोडी लागावी, त्याला खेडे कळावे, शिक्षित आणि अशिक्षित यांतले अंतर कमी व्हावे. अंतर जातीचे आहे, हे त्या चर्चेच्या केंद्रस्थानी कधी आले नाही. 'मी नव्हे, तू' अशा अर्थाचे बोधवाक्य ठरले. वाक्य चांगले आहे. पण त्यातला 'मी' नेहमी ट्रॉलीतून उतरणारा असतो आणि 'तू' नेहमी वस्तीत उभा असतो.

योजनेला जेमतेम तीन वर्षे झाली आणि १९७२ चा दुष्काळ आला. १९७३ मध्ये 'दुष्काळाविरुद्ध युवक' हा शिबिरांचा विषय झाला. कॉलेजची मुले दहा-दहा दिवस खेड्यांत राहून माती खणू लागली. त्याच उन्हाळ्यात महाराष्ट्रातल्या दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख मजूर होते. त्यांत माझी आजी होती. ती पाझर तलावावर माती वाही, पुढे रस्त्याच्या कामावर खडी फोडी. मिलोची लाल भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी यांची चव ती मरेपर्यंत विसरली नाही. एकाच जमिनीवर दोन माणसे कुदळ मारीत होती. एकाच्या कुदळीला श्रमसंस्कार म्हणत, दुसरीच्या कुदळीची मोजणी ब्रास आणि फुटांत होई व मजुरी आठवडाभर थकलेली असे. मी विद्यार्थ्यांच्या घामाला हलके लेखत नाही. मात्र घाम सारखाच असताना संस्कार एकाच्याच वाट्याला कसा आला, हे मला विचारावेसे वाटते.

त्याच काळात गावांत जाण्याची आणखी एक वाट निघाली होती. डॉ. बाबा आढाव आणि त्यांच्याबरोबरचे कार्यकर्ते 'एक गाव एक पाणवठा' म्हणत शेकडो गावे फिरले. त्यांनी खड्डे खणले नाहीत. त्यांनी गावात जाऊन एकच विचारले : दलितांना पाणी कुठून मिळते? विहीर सार्वजनिक असेल तर त्यांना का नाही? दुष्काळात आटलेल्या विहिरीला जात नसते असे वाटावे, पण या माणसांना गावोगाव दिसले ते असे की पाणी जितके कमी तितकी जात घट्ट. हे काम फार अवघड होते, कारण शिबिराला गाव हार घालते आणि पाणवठ्याचा प्रश्न विचारला की तेच गाव डोळे वटारते. १९७२ हेच वर्ष दलित पँथरचेही. तेव्हा सेवेच्या शिबिरांनी पाणवठ्याच्या यादीची एक वही जरी ठेवली असती, तरी आज आमच्याकडे केवढा दस्तऐवज असता!

आणि मग १९७८. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव जुलैमध्ये विधिमंडळात झाला आणि खेड्यापाड्यांतल्या वस्त्या पेटल्या. नामांतरविरोधी आंदोलनात विद्यार्थी पुढे होते. सेवा योजनेला तेव्हा नऊ वर्षे होत आली होती. शिबिरात गेलेला कोणता विद्यार्थी कोणत्या जमावात होता, हे कोणी लिहून ठेवलेले नाही आणि अंदाजाने बोलण्याचा मला अधिकार नाही. एवढे खरे की नऊ वर्षांच्या श्रमसंस्कारात जातीचा धडा नव्हता. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ ला, आणखी साडेपंधरा वर्षांनी.

हा धडा कसा असावा हे कोणाला सुचलेच नव्हते, असेही नाही. नोव्हेंबर १९३२ मध्ये गोलमेज परिषदेला जाताना बाबासाहेबांनी बोटीवरून ठक्करबाप्पांना एक लांब पत्र लिहिले. पुणे करारानंतर अस्पृश्यता निवारणासाठी जो संघ निघाला, ज्याला पुढे हरिजन सेवक संघ म्हणू लागले, त्याने काम कसे करावे याविषयी ते पत्र आहे. त्यांनी दोन वाटा वेगळ्या केल्या. एक वाट माणसाला सुधारण्याची : व्यायामशाळा, ग्रंथालये, दारूबंदी, सहकारी संस्था. दुसरी वाट त्याच्याभोवतीची परिस्थिती बदलण्याची. संघाने आपली शक्ती दुसऱ्या वाटेवर लावावी, खेड्यांत कार्यकर्ते पाठवावेत, आणि विहीर, शाळा, चावडी, वाहने यांवरचा नागरी हक्क अस्पृश्यांना प्रत्यक्ष बजावता येईल असे करावे, असे त्यांचे म्हणणे होते. यात दंगे होतील, डोकी फुटतील, हेही त्यांनी लपवले नाही. कार्यकर्ते शक्यतो अस्पृश्यांमधलेच घ्यावेत, कारण ज्याला प्रेम आहे तोच सेवा करू शकतो, असे त्यांनी टॉलस्टॉयचा हवाला देऊन सुचवले. पत्राची साधी पोचही आली नाही, अशी नोंद त्यांनी १९४५ च्या आपल्या ग्रंथात केली आहे. सेवाशिबिरांच्या उद्‌घाटनाच्या भाषणांत हे पत्र मी कधी ऐकलेले नाही. गाडगेबाबांचा खराटा मात्र दर वर्षी ऐकतो. गाडगेबाबा खराटा घेऊन गाव झाडत आणि संध्याकाळी त्याच गावाला कीर्तनात जातिभेदावरून सोलून काढीत. आम्ही खराटा उचलला आणि कीर्तन देवळातच ठेवले.

आता माझ्याविषयी, कारण हे सगळे लिहून मी स्वतः मोकळा होऊ शकत नाही. माझ्या पहिल्याच शिबिरात मी ठरवले की वस्ती झाडायची नाही. मुलांना दोघा-दोघांनी घरोघर पाठवले आणि पाणी, रेशनकार्ड, जातीचा दाखला, घराची जागा नावावर आहे का, एवढेच विचारायला लावले. बौद्ध वस्तीची माहिती दोन दिवसांत आली. मातंग वस्तीची आलीच नाही. चौकशी केली तेव्हा कळले की आमच्याच समाजाच्या दोन मुलांकडे ते काम होते आणि ते तिकडे गेलेच नव्हते. "सर, तिकडं काय, सगळे पिऊन असतात," असे एक जण म्हणाला. मला राग आला. मग आठवले की लहानपणी आमच्याही घरातून मातंग वस्तीतल्या बाईला पाणी वरूनच ओतले जाई. आईवरूनच ओतले जाणारे पाणी मी पाहिले होते आणि आईने ओतलेलेही. त्या संध्याकाळी बौद्धिक सत्राला बोलावलेले वक्ते आले नाहीत, हे बरेच झाले. मी मुलांना ही गोष्ट सांगितली. सगळे गप्प बसले. दुसऱ्या दिवशी त्या दोघांबरोबर मीही गेलो.

मातंग वस्तीच्या शेवटच्या घरातल्या आजीबाईंनी आम्हाला अंगणात बसवले आणि म्हणाल्या, "झाडं लावायला आला असाल तर लावा बाबा, मागच्या टायमाची जळाली. पर माझ्या नातीचा दाखला निघंल का?" पुरावा म्हणून वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला लागत होता आणि बाप शाळेत गेलाच नव्हता. उरलेले चार दिवस आमची सहा मुले त्या एका कागदामागे फिरली : आजोबांच्या भावाचे शाळेतले नाव, तलाठ्याकडचा जुना उतारा, तहसीलची खिडकी. बंधारा अर्धाच राहिला. सरपंच नाराज झाले, कारण समारोपाला पाहुण्यांना दाखवायला काही नव्हते.

दाखला शिबिर संपल्यावर तीन महिन्यांनी निघाला. त्या मुलांपैकी एकाने तो स्वतःच्या पैशाने लॅमिनेट करून आजीबाईंना नेऊन दिला, हे मला फार उशिरा कळले.

अहवालाचा नमुना भरायला मी बसलो तेव्हा त्यात रकाने होते : लावलेली झाडे, खणलेले शोषखड्डे, बंधाऱ्याची लांबी मीटरमध्ये, झाडलेल्या रस्त्याची लांबी, प्रभात फेऱ्या, व्याख्याने, उपस्थिती. पाणवठ्याला रकाना नव्हता. झाडे शून्य, शोषखड्डे शून्य, बंधारा अपूर्ण असे लिहून झाल्यावर खाली 'इतर' म्हणून दोन बोटे जागा उरली होती. तिथे मी लिहिले की गावात पाणी भरण्याच्या तीन जागा आहेत आणि त्यांपैकी दोन ठिकाणी मातंग वस्तीतल्या बाया घागर लावीत नाहीत. वरून विचारणा आली की ही माहिती कशासाठी जोडली आहे. उत्तराचा मसुदा अजून माझ्या टेबलावर आहे. त्यासोबत १९९७ च्या अहवालाचे ते पान जोडावे की नाही, हे ठरायचे आहे.