सात वाजून पन्नास मिनिटं

शुक्रवार, १० मे १९४०, पहाट

चार वाजायच्या आत जर्मन सैन्य हॉलंडमध्ये घुसतं. डच समाजसेविका त्रूस वाइसम्युलर त्या वेळी पॅरिसमध्ये आहेत. वय ४४. नवरा योप बँकेत, स्वतःचं मूलबाळ नाही. डिसेंबर १९३८ मध्ये ज्यू मुलांना बाहेर नेण्याची परवानगी मागायला त्या एकट्या व्हिएन्नाला जाऊन नाझी अधिकारी आइशमनसमोर उभ्या राहिल्या होत्या. येत्या शनिवारी सहाशे ज्यू मुलं नेऊन दाखवा, अशी अट त्यानं घातली. मुदत इतकी कमी होती, की बाई हरणार हे त्यानं गृहीतच धरलं असावं. १० डिसेंबरला सहाशे मुलं गाडीत बसली. महायुद्ध पेटेपर्यंत अशा गाड्या येत राहिल्या. बहुतेक मुलं इंग्लंडला गेली, काही हॉलंडमध्येच राहिली. देश तटस्थ होता. तिथे धोका नाही असं पुष्कळांना वाटत होतं.

सोमवार, १३ मे

राणी विल्हेल्मिना ब्रिटिश युद्धनौकेतून इंग्लंडला निघून जातात. मंत्रीही जातात. त्रूसबाई मात्र लढाईतून वाट काढत अ‍ॅम्स्टरडॅमला परततात. शहरातल्या जुन्या अनाथालयात जर्मनी-ऑस्ट्रियातून आलेली मुलं आहेत. ती त्रूसबाईंना मावशी म्हणतात.

मंगळवार, १४ मे, सकाळी साडेदहा

रॉटरडॅमच्या डच सेनाधिकाऱ्याच्या हाती जर्मनांचा निर्वाणीचा खलिता पडतो. त्यावर ना नाव, ना सही. म्हणून तो परत जातो. दुसरा येतो, त्यात दुपारी चार वाजून वीस मिनिटांपर्यंतची मुदत असते.

दुपारी दीडच्या सुमारास

मुदतीला जवळजवळ तीन तास शिल्लक असताना बॉम्बफेकी विमानं येतात. हल्ला जेमतेम पाव तास चालतो. जुन्या रॉटरडॅमची राखरांगोळी होते. सुमारे साडेआठशे माणसं मरतात, ऐंशी हजारांच्या आसपास बेघर होतात.

दुपारनंतर, अ‍ॅम्स्टरडॅम

अ‍ॅम्स्टरडॅमच्या लष्करी अधिकाऱ्यांकडून त्रूसबाईंना कळतं, की आयमाउडन बंदरातून मुलांना बाहेर काढता आलं तर आत्ताच. हाताशी काही तास आहेत. बसगाड्या मिळवायच्या, मुलं जमवायची, रस्त्यातल्या चौक्या पार करायच्या. कुणाला आधी गाठायचं, कुणाशी गोड बोलायचं, कुणावर आवाज चढवायचा, हे त्या वर्षानुवर्षं स्टेशनांवर आणि सरकारी कचेऱ्यांत शिकल्या होत्या. त्या दिवशी हीच शिदोरी कामी आली. निव्वळ धैर्यानं बसगाड्या मिळत नाहीत. म्हणूनच त्यांच्या या चिकाटीच्या, खटपटीच्या बाजूबद्दल मला फार आदर वाटतो.

बंदर पंचवीसेक किलोमीटरवर. त्या रस्त्यावर अख्खं अ‍ॅम्स्टरडॅम लोटलं आहे. मोटारी, सायकली, ढकलगाड्या. समुद्रापर्यंत पोचलेल्यांतल्याही बहुतेकांना बोट मिळणार नाही.

संध्याकाळी पाचच्या सुमारास

रॉटरडॅम जळतंय. आता पाळी उत्रेख्तची, अशी धमकी येते. डच सरसेनापती विंकेलमान शस्त्रं खाली ठेवायचं ठरवतात.

संध्याकाळी सात

रेडिओवर विंकेलमान यांचा आवाज. पाच दिवसांत देश हरला. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी अ‍ॅम्स्टरडॅममधल्या कितीतरी ज्यू घरांत लोकांनी स्वतःच्या हातांनी आयुष्य संपवलं. त्यांतले काही बंदरावरून हात हलवत परत आलेले होते.

सात वाजून पन्नास मिनिटं

‘बोडेग्राव्हन’ हे मालवाहू जहाज धक्का सोडतं. त्यावर त्रूसबाईंनी आणलेली ७४ मुलं आहेत, शिवाय ऐन वेळी चढलेले इतर निर्वासितही. त्रूसबाईंनाही जाता आलं असतं. त्या जात नाहीत. घरी नवरा आहे आणि इथे अजून काम आहे. काय येऊ घातलंय हे त्यांना इतरांपेक्षा जास्त ठाऊक होतं. आइशमनला त्यांनी समोरासमोर पाहिलं होतं. सगळं कळत असताना त्या धक्क्यावरून माघारी वळल्या, हे मला त्या दिवसातलं सगळ्यात मोठं वाटतं.

थोड्याच वेळात जर्मन विमानं जहाजावर गोळ्या झाडतात. जहाज पुढे जात राहतं.

बुधवार, १५ मे

राइसोर्ड गावातल्या शाळेत शरणागतीवर सह्या होतात. देशात त्या वेळी सुमारे एक लाख चाळीस हजार ज्यू होते. पुढच्या पाच वर्षांत त्यांतले लाखाहून अधिक मारले गेले.

रविवार, १९ मे

पाच दिवसांनी ‘बोडेग्राव्हन’ लिव्हरपूलला लागतं. मुलं उतरतात. त्यांतल्या बहुतेकांना आईवडील पुन्हा दिसले नाहीत. अ‍ॅम्स्टरडॅममध्ये जर्मन अंमल सुरू झालेला असतो. त्रूसबाई तिथेच राहतात आणि पुढची वर्षं वेस्टरबोर्क छावणीतल्या कैद्यांना खाण्याची पार्सलं पाठवत राहतात.