भिडेवाडा पुण्यात होता, आपल्याकडं काय होतं?

3 जानेवारीला आपल्या शाळांत सावित्रीबाईंवर भाषणं होतात. 1848, भिडेवाडा, शेणाचे गोळे. लेकरं तोंडपाठ म्हणतात. बातमीसाठी दरवर्षी जातो, आणि दरवर्षी एकच प्रश्न पडतो. तेव्हा आपलं शिरूर कुठं होतं?

निजामाच्या राज्यात. पुण्यातली ती हवा इकडं यायला शंभर वर्षं लागली. सरकारी भाषा उर्दू. 1918 ला हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ निघालं, तेही उर्दू माध्यमाचं. पदवीसाठी पोरांनाच हैदराबाद गाठावं लागे, तिथं पोरींचं कोण विचारतो? 17 सप्टेंबर 1948 ला आपण मोकळे झालो. 1951 च्या जनगणनेत देशात शंभरात नऊ बायकासुद्धा साक्षर नव्हत्या. मग 1958 ला औरंगाबादला विद्यापीठ आलं, 1961 ला लातूरला दयानंद कॉलेज.

माझी आई चौथी शिकली. हुशार होती म्हणतात. पण पाचवीची शाळा दुसऱ्या गावाला, मधी ओढा. संपलं शिक्षण. घरच्यांचा विरोध नव्हता बरं का. अंतर होतं.

म्हणून मला वाटतं, आपल्या भागातल्या बायकांच्या शिक्षणाचा इतिहास म्हणजे अंतराचा इतिहास आहे. पोरींची फी माफ झाली, त्याचा फायदा झालाच. पण एसटीच्या मोफत पासानं जे केलं ते भाषणांनी केलं नाही. 2011 ला लातूर जिल्ह्यात बायकांची साक्षरता साधारण 70 टक्क्यांवर आली. पुरुष मात्र 84 च्या आसपास. 2024 पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना इंजिनिअरिंग, मेडिकलचीही फी माफ आहे. चांगलंच आहे. पण तिथवर पोचायला आधी अकरावीला जावं लागतं, आणि अकरावीला जायला सकाळची गाडी लागते, संध्याकाळी परतीची लागते. गाडी चुकली की घरात चर्चा सुरू होते, आणि ती चर्चा स्थळावर येऊन थांबते. राज्यात वीस ते चोवीस वयाच्या शंभरातल्या बावीस जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आहे, हे सरकारी पाहणीच सांगते.

एक काम करा. येत्या ग्रामसभेत उठून विचारा : यंदा आपल्या गावातल्या किती पोरी दहावी पास झाल्या, आणि त्यातल्या किती अकरावीला गेल्या? नावानिशी यादी मागा. ज्या राहिल्या त्यांच्या घरी जाऊन कारण विचारा. गाडीचं कारण निघालं तर डेपोला निवेदन द्या, मला फोन करा. बातमी मी लावतो.

सावित्रीबाईंना हार घालणं सोपं आहे. ही यादी करणं अवघड आहे.