कोलामी भाषा आणि सरकारी अनुदान

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोंकास झरी जामणी हा तालुका आहे. त्याच्या सीमेवरून पैनगंगा वाहते, आणि पैलतीरावर आदिलाबादचा मुलूख लागतो. दोन्ही तीरांवर कोलाम लोकांचीं घरें आहेत. त्यांच्या वस्तीस या भागांत पोड म्हणतात. शेतांत कापूस, बाजारांत मराठी किंवा तेलुगू आणि घरांत कोलामी, असा या लोकांचा व्यवहार पिढ्यान् पिढ्या चालत आला. कोलामी ही मराठीच्या कुळांतील भाषा नव्हे. ती द्राविड कुळांतील आहे, आणि तिची घडण मोठी सूक्ष्म आहे. दोन पुरुष, दोन स्त्रिया आणि दोन वस्तू मोजावयाच्या असतां ‘दोन’ या संख्येसाठीं तींत तीन निरनिराळे शब्द योजावे लागतात.

अशा भाषेचा अभ्यास करावयाचा तर विद्वान् हवा, सवड हवी आणि पैसा हवा. पहिल्या दोन गोष्टी एखाद्या माणसाच्या निष्ठेनें मिळतात. तिसरी बहुधा सरकारच्या तिजोरींतून यावी लागते. तिजोरी उघडण्याचीं कारणें मात्र राजकर्त्यांचीं असतात, आणि तीं वेळोवेळीं बदलतात. कोलामीच्या अभ्यासाचा गेल्या दीडशें वर्षांचा इतिहास हा या बदलत्या कारणांचा इतिहास आहे.

आरंभ सरकारी पैशानें झाला नाहीं. नागपूरचे स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनीं मध्य प्रांतांतील आदिवासींविषयीं टिपणें व शब्दसंग्रह जमविले होते. १८६३ सालीं त्यांचा बुडून अंत झाला. तीं कागदपत्रें तशींच धूळ खात पडलीं असतीं. परंतु मध्य प्रांताचे प्रमुख अधिकारी रिचर्ड टेंपल यांनीं तीं संपादून १८६६ सालीं प्रसिद्ध केलीं. संशोधकाच्या मागें त्याचें काम सांभाळणारा कोणी असावा लागतो, हा धडा या कथेच्या प्रारंभींच मिळतो.

पुढें जॉर्ज ग्रियर्सन यांनीं हिंदुस्थानच्या भाषांची पाहणी हातीं घेतली. तिची सूचना १८८६ सालीं व्हिएन्ना येथील प्राच्यविद्या परिषदेंत झाली, सरकारी संमति १८९४ सालीं मिळाली, आणि ग्रंथाचे खंड १९०३ पासून १९२८ पर्यंत निघत राहिले. मुंडा व द्राविड भाषांचा चौथा खंड नॉर्वेचे पंडित स्टेन कोनो यांनीं १९०६ मध्यें सिद्ध केला, आणि त्यांत कोलामीस स्थान मिळालें. मात्र या पाहणींत मद्रास इलाखा, म्हैसूर व हैदराबाद हीं राज्यें सामील नव्हतीं. वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखालीं असल्यामुळें पैनगंगेच्या उत्तर तीरावरील कोलामांची भाषा ग्रंथांत आली. दक्षिण तीरावरील त्यांच्याच सोयऱ्यांची भाषा बाहेर राहिली. भाषा नदी ओलांडून गेली होती, पण मंजुरीचा कागद नदीपाशीं थांबला.

दक्षिण तीरावरील तिजोरी उघडली ती निराळ्याच कारणानें. आदिलाबादच्या जंगलांत जमिनीच्या व वनहक्कांच्या प्रश्नावरून कोमरम भीम यांच्या नेतृत्वाखालीं गोंडांनीं उठाव केला, आणि १९४० सालीं भीम मारले गेले. निझाम सरकारास जाग आली. मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांस कारणांचा शोध घेण्यास सांगण्यांत आलें. १९४३ पासून मार्लवाई येथें गोंड शिक्षक तयार होऊं लागले, आणि गोंडीचीं वाचनपुस्तकें देवनागरींत निघालीं. ज्या भाषांची विचारपूस कोणी करीत नव्हतें, त्या आतां कारभाराची गरज बनल्या.

याच काळांत निझामच्या मुलकी सेवेंतील एक मराठी अधिकारी या मुलखांत वावरत होते. ते म्हणजे पुढें इतिहासकार म्हणून महाराष्ट्रास सुपरिचित झालेले सेतुमाधवराव पगडी. त्यांनीं गोंडी व कोलामी या भाषा आत्मसात केल्या, आणि त्यांचें कोलामी व्याकरण १९५० सालीं हैदराबादेस प्रसिद्ध झालें. तोंपर्यंत निझामशाही संपली होती. ज्या राज्याच्या गरजेंतून हें काम निघालें तें राज्य उरलें नाहीं, पण व्याकरण उरलें.

त्याचा उपयोग कोणास झाला? मरे एमेनो हे भाषाशास्त्रज्ञ १९३५ ते १९३८ या काळांत हिंदुस्थानांत राहून द्राविड भाषांचा अभ्यास करीत होते. वर्धा भागांतील कोलामी त्यांनीं बोलणाऱ्यांच्या तोंडून टिपून घेतली. त्यांचा कोलामीवरील ग्रंथ कॅलिफोर्निया विद्यापीठानें १९५५ सालीं छापला, आणि त्यांत पगडींच्या आदिलाबादकडील सामग्रीचाहि परामर्श घेतलेला आहे. ग्रियर्सनच्या पाहणींत जे दोन तीर एकमेकांपासून तुटले होते, ते अशा रीतीनें एका ग्रंथांत जुळले. १९६१ सालीं बरो व एमेनो यांचा द्राविड व्युत्पत्तिकोश ऑक्सफर्डहून निघाला, आणि झरीच्या पोडांवरील शब्द तमिळ-कन्नडच्या पंक्तीस बसले.

सरकारी मर्जीची दुसरी बाजूहि ध्यानांत ठेविली पाहिजे. एमेनो हिंदुस्थानांत टिपणें घेत होते त्याच वर्षांत पुण्याचें डेक्कन कॉलेज बंद होतें. काटकसरीचें कारण दाखवून मुंबई सरकारनें तें १९३४ मध्यें बंद केलें होतें. माजी विद्यार्थ्यांनीं हार मानली नाहीं. कॉलेजच्या इमारतीसाठीं सर जमशेटजी जीजीभाई यांनीं जी देणगी दिली होती ती उच्च शिक्षणासाठींच होती, या आधारावर ते न्यायालयांत गेले. १९३९ सालीं संस्था पुन्हां उघडली, ती पदव्युत्तर व संशोधन संस्था म्हणून. आणि पुढें भाषाशास्त्राच्या शिक्षणाचें तें देशांतील एक प्रमुख केंद्र झालें. दात्याचा हेतु कागदावर स्पष्ट लिहिलेला होता व तो कागद कोणीतरी जपून ठेविला होता, म्हणून हें घडूं शकलें.

स्वातंत्र्यानंतरहि कारणें बदलत राहिलीं. कोलाम, कातकरी व माडिया गोंड या महाराष्ट्रांतील तीन जमाती ‘आदिम’ म्हणून गणल्या गेल्या, आणि त्यांच्या घरांसाठीं, पाण्यासाठीं व आरोग्यासाठीं पैसा येऊं लागला. २०२३ सालच्या पंतप्रधान जनमन योजनेनें त्यांत भर घातली. हा पैसा माणसांसाठीं आहे, आणि तो योग्यच आहे. पण भाषेचें खातें निराळें. अकराव्या पंचवार्षिक योजनेंत नव्या भाषिक पाहणीचा संकल्प झाला व बारगळला. मग गणेश देवी यांच्या पुढाकारानें २०१० मध्यें लोकांच्याच बळावर पाहणी उभी राहिली, आणि तिचा महाराष्ट्र खंड २०१३ सालीं निघाला. त्याच वर्षीं केंद्र सरकारनें संकटग्रस्त भाषांच्या संरक्षणाची योजना आंखली. तिची मर्यादा १० हजारांहून कमी भाषकांची. २०११ च्या जनगणनेंत कोलामीचे भाषक १ लाख २८ हजारांच्या आसपास भरले. संकटग्रस्त म्हणावें तर ती फार मोठी, आणि आठव्या अनुसूचींत बसावें तर फार लहान. अशी भाषा दोन खात्यांच्या मधल्या फटींत पडते.

येथेंच विद्यापीठांतील अनुदान-व्यवहार पाहणाऱ्या माणसाचें महत्त्व कळून येतें. हा माणूस बहुधा पडद्याआड असतो. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतें. झरीकडे कापसाची वेचणी कार्तिकापासून पौष-माघापर्यंत रेंगाळते, आणि कोलामांना निवांतपणें बसून बोलण्याची सवड मिळते ती त्यानंतर. म्हणजे क्षेत्रकार्याचा खरा हंगाम सुरू होतो त्याच सुमारास खर्चाचा हिशेब मिटवावयाचा असतो. हें ज्यास ठाऊक आहे तो मुदतवाढीचा अर्ज पौषांतच करवितो, उपयोगिता प्रमाणपत्र वेळेवर धाडतो, प्रवासखर्च व माहिती देणाऱ्याचें मानधन निरनिराळ्या शीर्षांखालीं मांडतो. एका खात्याचें धोरण पालटलें तर तेंच काम आरोग्य, शिक्षण किंवा वनहक्क यांपैकीं कोणत्या खात्यास खरोखर उपयोगी पडेल, हें तो संशोधकास दाखवून देतो. मात्र त्यानें एक मर्यादा पाळावी लागते. जें काम होणार नाहीं त्याचें वचन अर्जांत देऊं नये. कारण पुढच्या मंजुरीच्या वेळीं मागच्या वचनाची वही उघडली जाते.

राजे, इलाखे व योजना कोणासाठीं थांबत नाहींत. झरीचा मुलूखच निझाम, इंग्रज, मध्य प्रदेश, द्वैभाषिक मुंबई आणि महाराष्ट्र इतक्या राजवटींखालून गेला. त्या प्रत्येक राजवटीच्या हिशेबांत कोलामीसाठीं कायमची तरतूद कोठेंच नव्हती. तरीहि हिस्लॉपचीं टिपणें टेंपलनें छापलीं, पगडींचें व्याकरण एमेनोंच्या हातीं पडलें, आणि कामाचा धागा तुटला नाहीं. अनुदान संपण्यापूर्वीं ध्वनिमुद्रणाची एक प्रत ग्रंथालयांत, टिपणांची एक प्रत विद्यापीठांत आणि एक पोडावर पोहोंचली असेल, तर पुढची तिजोरी कोणत्याहि कारणानें उघडो, कामास आरंभापासून आरंभ करावा लागणार नाहीं.